दिघोरीची नर्सबाई आणि पदव्युत्तर वर्ग: परिचर्या शिक्षणाची वाटचाल

परिचर्येतील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम. एस्सी. नर्सिंग, भारतात पाच शाखांत घेता येते: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. माणसाच्या आयुष्याची आणि त्यातल्या आजारांची ही वाटणी मोठ्या रुग्णालयाच्या रचनेला धरून आहे. तिथे प्रसूती कक्ष वेगळा, लहान मुलांचा वॉर्ड वेगळा, मनोरुग्ण विभाग वेगळा. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) या गावात हे सगळे एकाच नर्सबाईच्या वाट्याला येते. गरोदर बाईची बारा आठवड्यांच्या आतली नोंद, दीड महिन्याच्या बाळाची लस, शाळकरी मुलीचे हिमोग्लोबिन, धानाच्या बांधीत साप चावलेला मजूर, रक्तदाबाची गोळी मध्येच सोडून दिलेली म्हातारी, अशी पाच माणसे तिला एका दिवसात भेटू शकतात. जन्मापासून मरणापर्यंतच्या सेवेचे शिक्षण वरच्या वर्गात तुकड्यातुकड्यांनी आणि गावात अखंड, असे का झाले, हे या शिक्षणाच्या इतिहासातून कळते.

नागपूरचे भोसले संस्थान 1853 मध्ये खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. भंडारा जिल्हा या प्रांतात होता. वैनगंगेच्या आणि चुलबंदच्या खोऱ्यातील खेड्यांमध्ये तेव्हा बाळंतपणाचे काम दाईकडे असे. आजी, आई, सून अशा ओळीने ते चालत आले होते. नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीला शेकणे, पहिले काही दिवस बाळाला न्हाऊमाखू घालणे हा तिचा कामाचा विस्तार, आणि मोबदला धान्यात किंवा लुगड्यात. दाईकडे हाताचा अनुभव भरपूर होता. जंतूंची कल्पना नसल्यामुळे नाळेतून होणारा धनुर्वात आणि बाळंतज्वर मात्र तिच्या हाती नव्हते. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या पत्नीच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड उभा राहिला आणि देशभर दाईंना शिकवण्याचे वर्ग निघाले. शिक्षण थोड्या दिवसांचे, दाईची मजुरी बुडणार, आणि शिकवणारी बाई बहुधा तिची भाषा न जाणणारी. त्यामुळे या वर्गांचा परिणाम मर्यादित राहिला. तरीही प्रसूतीचे काम शिकवता येते आणि शिकवायला हवे, हे सरकारने मान्य केले ते इथे.

रुग्णालयातील परिचर्येचे शिक्षण वेगळ्या वाटेने आले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली आणि परिचारिकेला शिकवणारी व्यक्ती प्रशिक्षित परिचारिकाच असावी, हा दंडक घालून दिला. मुंबईत जे. जे. रुग्णालय 1845 पासून होते. कामा रुग्णालय 1886 मध्ये स्त्रिया व मुलांसाठी सुरू झाले. या दोन्ही ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत परिचारिकांचे रीतसर शिक्षण सुरू झाले. 1891 मध्ये जे. जे.त शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय प्रशिक्षित परिचारिका म्हणून घेतले जाते. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागणारे, रात्री घराबाहेर राहावे लागणारे हे काम तेव्हा प्रतिष्ठित घरातील बाईला वर्ज्य होते. अशा वेळी एका मराठी नावाच्या बाईने वॉर्डात उभे राहणे, ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकली जाते. तिला त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

विदर्भात हे शिक्षण मिशनच्या हातून आले. स्कॉटिश मिशनचे काम नागपुरात आणि भंडाऱ्यात होते. नागपुरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभे राहिलेले म्युर मेमोरियल हॉस्पिटल हे स्त्रियांसाठीचे मिशन रुग्णालय आणि परिचारिका घडवणारे ठिकाण होते. 1885 मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडातून स्त्रियांसाठी देशभर रुग्णालये निघाली आणि नागपूरलाही असे रुग्णालय मिळाले. तेच पुढे डागा स्मृती रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले. 1896–97 आणि 1899–1900 या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. अनेक पोरक्या मुली मिशनच्या आश्रमांत आल्या आणि त्यातल्या काही पुढे परिचारिका झाल्या. समाजाने ज्यांना कुठलीच जागा ठेवली नव्हती, त्यांच्या हातून हा व्यवसाय या भागात रुजला.

पुण्यात वेगळा प्रयोग झाला. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले आणि तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवले. त्यांत विधवा होत्या, आणि सोवळ्याओवळ्याच्या घरांतून आलेल्या होत्या. वसतिगृह सेवासदनाचे आणि शिकण्याची जागा वॉर्ड, अशी ही सोय होती. घराबाहेर पडणाऱ्या बाईला सुरक्षित छप्पर मिळाले की ती कोणतेही काम शिकते, हे रमाबाईंनी ओळखले होते. पुढे सरकारी नर्सिंग शाळांमध्ये वसतिगृह सक्तीचे झाले, त्यात शिस्तीइतकाच हा विचारही होता.

वॉर्ड हीच शाळा असल्याने विद्यार्थिनी आणि कामगार यांतली रेषा पुसट राहिली. सकाळची पाळी संपवून आलेली मुलगी दुपारच्या व्याख्यानाला डुलक्या घेते, हे चित्र सगळीकडे होते. परीक्षा घेणारी आणि दर्जा ठरवणारी यंत्रणा सुरुवातीला मिशन रुग्णालयांच्या मंडळांची होती. भारतीय प्रशिक्षित परिचारिकांची संघटना 1908 मध्ये उभी राहिली. नोंदणीचा कायदा मद्रास प्रांताने 1926 मध्ये, मुंबई इलाख्याने 1935 मध्ये आणि मध्य प्रांताने 1936 मध्ये केला. म्हणजे भंडाऱ्यात काम करणाऱ्या परिचारिकेला कायद्याने ओळख मिळाली ती नाइटिंगेल यांच्या शाळेनंतर 76 वर्षांनी.

या व्यवसायाची खरी अवस्था 1946 मध्ये उघडी पडली. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी केली. तिच्या हिशेबात सगळ्या देशात सुमारे 7,000 परिचारिका होत्या. 43,000 माणसांमागे एक. राहण्याच्या खोल्या, कामाचे तास, पगार यांवर समितीने स्पष्ट नापसंती नोंदवली आणि विद्यापीठाची पदवी देणाऱ्या परिचर्या महाविद्यालयांची शिफारस केली. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सुरू झाला. 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली आणि देशभरातल्या अभ्यासक्रमाला एक माप मिळाले. दिल्लीच्या त्याच महाविद्यालयात, जे पुढे राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले गेले, 1959 मध्ये पदव्युत्तर शिक्षणाची सुरुवात झाली. मराठी मुलीला पदवी हवी असेल तर त्या काळात राज्याबाहेर जावे लागे. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय 1964 मध्ये निघाले आणि ही वाट राज्यातच खुली झाली. महर्षी कर्वे यांनी 1916 मध्ये स्त्रियांसाठी सुरू केलेल्या विद्यापीठाने परिचर्येला पदवीच्या पंगतीत बसवावे, हे त्या संस्थेच्या परंपरेला धरूनच होते.

पदवीची ही चढण चालू असताना खेड्यासाठी दुसरा, खालचा जिना बांधला गेला. 1950 मध्ये परिषदेने दोनच पातळ्या ठरवल्या: तीन वर्षांहून अधिक काळाची जनरल नर्सिंग व मिडवाइफरी, आणि दोन वर्षांची सहाय्यक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे ए. एन. एम. खेड्यांना लाखोंच्या संख्येने हात हवे होते आणि कमी शिकलेल्या मुली लवकर तयार करणे हा उपाय सोपा होता. 2 ऑक्टोबर 1952 ला सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. भंडारा जिल्हा 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण आरोग्य त्यांच्याकडे गेले. त्यामुळे एक विचित्र विभागणी झाली, ती आजही टिकून आहे. दिघोरीच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका जिल्हा परिषदेची, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील अधिपरिचारिका राज्याच्या आरोग्य विभागाची, आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील परिचारिका वैद्यकीय शिक्षण विभागाची. रुग्ण मात्र तोच, एका चिठ्ठीवर तिन्ही ठिकाणी फिरणारा.

करतारसिंग समितीने 1973 मध्ये बहुउद्देशीय कर्मचाऱ्याची कल्पना मांडली. बाळंतपण, कुटुंब नियोजन, लसीकरण, मलेरिया ही कामे वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांऐवजी एकाच जोडीने करायची, असे ठरले. ए. एन. एम.ला आरोग्य सेविका हे नाव मिळाले आणि तिचे शिक्षण दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणले गेले. काम वाढवून शिक्षण कमी करण्याचा हा निर्णय या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणावा लागेल. मैदानी भागात 5,000 आणि आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा मापदंड पुढे ठरला. त्या उपकेंद्रातील बाईच्या गळ्यात गर्भापासून म्हातारपणापर्यंतचे सगळे आयुष्य पडले. तिला शिकवण्यासाठी लागणाऱ्या शिक्षिका घडवणारा पदव्युत्तर वर्ग मात्र दूर शहरात, शाखांमध्ये विभागलेला राहिला.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत विदर्भातील परिचारिकांचा चेहराही बदलला. वॉर्डात केरळहून आलेल्या सिस्टर मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या बरोबरीने स्थानिक मुली आल्या. 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर शिक्षणाला प्राणपणाने धरून बसलेल्या कुटुंबांतून अनेक मुली या वाटेने नोकरीत गेल्या. सरकारी नर्सिंग शाळेत विद्यावेतन मिळे, वसतिगृह मिळे, आणि शिक्षण संपले की पगार सुरू होई. शेतीत रोवणी आणि कापणीपुरतेच काम असलेल्या घरासाठी ही मोठी गोष्ट होती.

प्रत्यक्ष शिक्षणाची मोजपट्टी म्हणजे केसबुक. 2021 मध्ये बी. एस्सी.चा अभ्यासक्रम सत्र पद्धतीवर येईपर्यंत विद्यार्थिनीने 30 गरोदर स्त्रियांची तपासणी आणि 20 नैसर्गिक प्रसूती स्वतःच्या हाताने करून त्यांची नोंद ठेवायची, असा नियम होता. एकेका प्रसूतीसाठी एकेक नोंद: बाईचे वय, कितवी खेप, कळा कधी सुरू झाल्या, वार पूर्ण पडली का, किती रक्त गेले, बाळ कधी रडले. तिच्यासोबत पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीची प्रगती आलेखाने दाखवणारा तक्ता. गर्भाशयाचे तोंड चार सेंटिमीटर उघडले की पहिली खूण करायची. पुढे दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, दर चार तासांनी आतून तपासणी. आलेख सावधानतेच्या रेषेच्या उजवीकडे सरकला की बाईला मोठ्या रुग्णालयात हलवायची तयारी करायची. तिच्यापासून चार तासांच्या अंतरावर दुसरी रेषा असते, कृतीची. या दोन रेषांमधले चार तास हे खेड्यातल्या परिचारिकेसाठी गाडी मिळवण्याचे, घरच्यांची समजूत घालण्याचे आणि वाट कापण्याचे चार तास आहेत. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला शस्त्रक्रियागृह शेजारच्या दाराआड असते, म्हणून तिला या चार तासांचे खरे मोल कळायला वेळ लागतो. ग्रामीण भागातील नेमणूक अभ्यासक्रमात सक्तीची ठेवण्यामागे हे एक ठोस कारण आहे.

या भागात खेड्यात राहून शिकण्याची ही रीत सेवाग्रामने खूप आधी दाखवून दिली होती. कस्तुरबांच्या नावाने उभे राहिलेले रुग्णालय, डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सुरू केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिथले परिचर्या शिक्षण, हे सारे खेड्यात जाऊन राहण्याच्या आग्रहावर उभे आहे. लाखांदूरच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातून त्याहून मोठा धडा आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. त्यांचा अभ्यास 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याची नोंद त्यात होती. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखणे, कमी वजनाच्या बाळाला ऊबदार ठेवणे ही कौशल्ये तोवर तज्ज्ञांची मानली जात. ज्या स्त्रियांनी ती अंगणात बसून वापरली, त्या परिचारिकाही नव्हत्या. कौशल्य कोणाला आणि किती खोलवर शिकवायचे, या प्रश्नाचे उत्तर पदव्युत्तर वर्गाला त्यामुळे नव्याने शोधावे लागले. आज बालआरोग्य परिचर्येची एम. एस्सी. करणारी विद्यार्थिनी घरपोच नवजात सेवा हा विषय अभ्यासते, त्याचे मूळ या गावांत आहे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये नाशिकला स्थापन झाले आणि परिचर्येची पदवी व पदव्युत्तर परीक्षा राज्यभर एका छत्राखाली आली. नागपूर आणि वर्धा भागात पदव्युत्तर महाविद्यालये वाढली ती यानंतर. एम. एस्सी.ला प्रवेशासाठी नोंदणीकृत परिचारिका असणे, पदवीला किमान 55 टक्के गुण असणे आणि एक वर्षाचा अनुभव असणे आवश्यक असते. दोन वर्षांत शाखेचे विशेष ज्ञान, शिकवण्याचे तंत्र, व्यवस्थापन आणि संशोधन प्रबंध असे काम असते. मनोरुग्ण परिचर्येसाठी विदर्भातील विद्यार्थिनींना नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासारखी जुनी संस्था उपलब्ध आहे. पीएच. डी.साठी 2005–06 पासून भारतीय परिचर्या परिषदेने राष्ट्रीय पातळीवर एकत्रित व्यवस्था उभी केली. संख्या वाढली, पण शिकवणाऱ्या बाईचा रुग्णाशी संबंध तुटत गेला. पदव्युत्तर पदवी घेतलेली परिचारिका बहुतेक वेळा महाविद्यालयात पाठ्यनिर्देशिका किंवा प्राध्यापिका होते, वॉर्डात तिच्यासाठी वेगळे पद आणि वेगळा पगार क्वचितच असतो. सर्वांत जास्त शिकलेली बाई रुग्णाच्या खाटेपासून सर्वांत लांब, ही या व्यवस्थेची मोठी उणीव आहे.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील विशेष नवजात दक्षता कक्षात आग लागली. कक्षात 17 बाळे होती. त्यातली 10 गेली, सात वाचवता आली. ही बाळे जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतल्या मजुरांची, शेतकऱ्यांची होती. वॉर्मर, ऑक्सिजन, वीजजोडणी आणि रात्रपाळी या चार गोष्टी एकत्र येतात तिथे परिचारिकेला किती काय माहीत असावे लागते, हे त्या दिवसानंतर वेगळे सांगावे लागले नाही. नवजात कक्षात एका पाळीला तीन-चार खाटांमागे एक परिचारिका असावी, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आगीची सूचना, बाहेर काढण्याचा क्रम, कोणाला आधी उचलायचे याचा सराव ही आता बालआरोग्य परिचर्येच्या शिक्षणात गृहीत धरायची बाब आहे, आणि तो सराव पुन्हा पुन्हा, पाळीच्या वेळीच, रात्रीसुद्धा व्हायला हवा.

पूर्व विदर्भात शाखांची भिंत ज्या एका आजारापुढे टिकत नाही, तो सिकलसेल. नागपूरच्या आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी 1958 मध्ये मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘द लॅन्सेट’मध्ये लिहिले. आजार जन्मासोबत येतो, सहा महिन्यांनंतर सांधेदुखीच्या आणि संसर्गाच्या रूपाने दिसू लागतो, शाळेत गैरहजेरी वाढवतो, वयात आलेल्या मुलीच्या लग्नाचा प्रश्न बनतो आणि गरोदरपणात जिवाशी खेळतो. बालआरोग्य, मेडिकल-सर्जिकल, प्रसूती आणि सामुदायिक या चारही शाखा एका रुग्णात येतात. दोन वाहकांच्या लग्नाआधी रक्ततपासणीविषयी बोलणारी, दुखण्याच्या झटक्यात मुलाला भरपूर पाणी पाजा, थंडीपासून जपा, असे आईला सांगणारी परिचारिका ही या भागाची गरज आहे. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि तपासणीचा मोठा भार उपकेंद्रांवर आला.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाची स्थिती वेगळी आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010–11 मध्ये सुरू झाला, परंतु पदव्युत्तर पदवीत वृद्ध परिचर्येची स्वतंत्र शाखा नाही. ती मेडिकल-सर्जिकलमध्ये समाविष्ट आहे किंवा एक वर्षाच्या वेगळ्या पदविकेत. मुले कामासाठी नागपूर-पुण्याला गेलेल्या गावांत म्हातारी माणसे एकटी राहतात. त्यांचे मधुमेहातले पाय, मोतीबिंदू, विस्मरण, आणि शेवटच्या आजारातली वेदना यांची परिचर्या अजून मुख्यतः घरच्या सुनेच्या जिवावर चालते.

2018 पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रे आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली आणि समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले. परिचर्येची पदवी किंवा पदविका घेतलेल्यांनाही सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून हे पद घेता येते. त्यामुळे पदवीधर परिचारिका प्रथमच मोठ्या संख्येने उपकेंद्रात बसू लागली. महाराष्ट्रात हे पद आयुर्वेद पदवीधरांसाठीही खुले आहे. त्याच वर्षी केंद्राने प्रसूती सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणातून स्वतःच्या जबाबदारीवर नैसर्गिक प्रसूती करणारी नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ घडवण्याचे ठरवले. त्याआधीच परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला होता, ज्यात बहुतेक वेळ रुग्णाच्या खाटेपाशी जातो. शिकलेल्या परिचारिकेला वर्गातून पुन्हा रुग्णाकडे आणणारे हे दोन अभ्यासक्रम आहेत. त्यांच्या पदवीधरांना औषध सुरू करण्याचे आणि निर्णय घेण्याचे अधिकार कायद्याने किती मिळतात, यावर त्यांचे यश अवलंबून आहे. 1947 च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोग कायदा 2023 मध्ये संमत झाला. शिक्षणाची मानके, संस्थांचे मूल्यमापन आणि नोंदणी यांचे अधिकार त्यात आयोगाच्या अखत्यारीतील वेगवेगळ्या मंडळांकडे दिले असून राज्यांतही आयोग नेमण्याची तरतूद आहे.